कोपऱ्यातले भूत

दिवाळीत अमेरिकेस जाण्याचा योग माझ्या पत्रिकेत आहे, असे कोणा ज्योतिषाने सांगितले असते तर मी त्याच्याकडून दक्षिणा परत मागून घेतली असती. शाळामास्तराची धाव फार तर पंढरपूरपर्यंत. पण २०२२ साली तो योग आला खरा. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. "दादा, एकदा तरी भाऊबीजेला इकडे ये," असे ती कित्येक वर्षे म्हणत होती. त्या वर्षी मेहुण्यांनी परस्पर तिकीटच धाडून दिले. मग सबब सांगायला जागा उरली नाही.

त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस होती. तिकडे ३१ ऑक्टोबरला हॅलोविन नावाचा भुताखेतांचा सण असतो. बहिणीच्या दारात मी आकाशकंदील टांगला, आणि शेजारच्या दारात पाहतो तो काय, प्लास्टिकचा एक सांगाडा वाऱ्यावर झोके घेतो आहे! आमची पणती आणि त्यांची कवटी रात्रभर एकमेकींकडे पाहत असत. बारा वर्षांच्या माझ्या भाचीला मात्र त्यात काहीच विचित्र वाटत नव्हते. तिला दोन्ही सण आपलेच.

भाऊबीज झाली आणि ती म्हणाली, "मामा, आपण भुतांच्या तुरुंगात जाऊ या. फिलाडेल्फियाला आहे. पण दिवसा जाऊ हं, रात्री नको."

तिचे शौर्य सूर्यास्तापाशी संपत होते, हे पाहून मला बरे वाटले. माझेही तिथेच संपते.

अशा रीतीने एका शनिवारी आम्ही तो तुरुंग पाहायला गेलो. ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शियरी हे त्याचे नाव. पूर्वी तिथे चेरीची बाग होती, म्हणून जुने लोक त्याला 'चेरी हिल' म्हणत. नाव किती गोड! समोर मात्र तीस फूट उंचीची काळवंडलेली दगडी भिंत, बुरूज आणि भलामोठा दरवाजा. एखाद्या सरदाराचा किल्लाच भरवस्तीत आणून ठेवावा तसे ते दिसते. रस्त्याने जाणाऱ्याला नुसते पाहूनच धाक बसावा, म्हणून जॉन हॅविलंड या स्थापत्यकाराने मुद्दाम तसे बांधले.

आत शिरताना कानाला लावायला एक यंत्र देतात. भिंतीवरचा आकडा पाहावा, तो यंत्रावर दाबावा, की कानात माणसे बोलू लागतात. ती खरीखुरी माणसे आहेत. कोणी तिथे पहारेकरी होता, कोणी कैदी. आपण ओसाड बोळातून एकटेच चालतो आहोत आणि ज्यांचा आयुष्याचा तुकडा तिथे गेला ते कानाशी हळू आवाजात हकिगत सांगत आहेत. भुताचा अनुभव म्हणतात तो याहून निराळा काय असणार?

त्या हकिगतीत मी इतका गुंतलो की भाची भुते शोधत पुढे निघून गेली, हेही माझ्या ध्यानात आले नाही.

वाचकांना आश्चर्य वाटेल. पण हा तुरुंग दुष्ट माणसांनी बांधलेला नाही. तो सज्जनांनी बांधला. १७८७ साली फिलाडेल्फियातली काही दयाळू मंडळी बेंजामिन फ्रँकलिनच्या घरी जमली. त्या काळी तुरुंग म्हणजे कोंडवाडा होता. चोर, कर्जबाजारी, बायका, पोरे सगळी एका खोलीत, आणि शिक्षा म्हणजे चाबूक नाही तर फास. हे पाहून त्या मंडळींचे मन द्रवले. शहरात क्वेकर पंथाच्या लोकांचे वजन मोठे होते. शांत बसून अंतःकरणातला देव ऐकावा, अशी त्या पंथाची शिकवण. त्यातून एक कल्पना निघाली. गुन्हेगाराला मारू नका, त्याची विटंबना करू नका. त्याला एकांत द्या. एकांतात तो स्वतःशी बोलेल, त्याला पश्चात्ताप होईल आणि तो नवा माणूस होऊन बाहेर पडेल. 'पेनिटेन्शियरी' या शब्दाचा अर्थच मुळी पश्चात्तापगृह.

१८२९ साली हे पश्चात्तापगृह उघडले. मधोमध एक गोल दालन आणि चाकाला आरे असावेत तशा त्यातून निघालेल्या कोठड्यांच्या सात लांबलचक ओळी. मध्ये उभे राहून मान फिरवली की सातही बोळ दिसावेत, अशी ती रचना. त्या काळच्या अमेरिकेतल्या सर्वांत महागड्या इमारतींत तिची गणना होत असे. प्रत्येक कोठडीत वाहत्या पाण्याचा संडास होता आणि थंडीत ऊब पोचवणारे नळ होते. राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यातसुद्धा अशी सोय तेव्हा नव्हती, असे तिथले वाटाडे मोठ्या अभिमानाने सांगतात.

पहिला कैदी होता चार्ल्स विल्यम्स नावाचा एक काळा शेतकरी. वय वर्षे अठरा. त्याने वीस डॉलरचे एक घड्याळ, तीन डॉलरची सोन्याची एक मुद्रा आणि सोन्याची एक किल्ली चोरली होती. त्याबद्दल दोन वर्षांचा एकांत. आत येताना त्याचे नाव गेले आणि तो 'क्रमांक एक' झाला.

आता त्या एकांताची व्यवस्था पाहा. कोठडी आठ फूट रुंद आणि बारा फूट लांब. वर कमानदार छत आणि छतात एकच झरोका. त्याला 'देवाचा डोळा' म्हणत. उजेड यायचा तो वरून, देवाकडूनच. समोर, मागे, बाजूला काही दिसता कामा नये. कोठडीमागे भिंतींनी वेढलेले एवढेसे अंगण. त्यात दिवसाचा थोडा वेळ एकट्यानेच फिरायचे. जेवण दारातल्या भोकातून आत यायचे. वाचायला बायबल, करायला जोडे शिवणे किंवा विणकाम. कोठडीबाहेर न्यायची वेळ आलीच तर डोक्यावरून टोपडे ओढीत, म्हणजे कैद्याला वाट कळू नये आणि कोणाचे तोंडही दिसू नये. पहारेकरी जोड्यांवर मोजे चढवून चालत. जेवणाच्या गाड्याच्या चाकांना चामडे गुंडाळलेले असे. का, तर माणसाची चाहूलसुद्धा लागू नये!

मी एका कोठडीत जाऊन उभा राहिलो. रंगाचे पापुद्रे सुटून भिंतीवर लोंबत होते. झरोक्यातून उजेडाचा एक तुकडा जमिनीवर पडला होता. दोन मिनिटे मजेत गेली. तिसऱ्या मिनिटाला माझी नजर नकळत मागच्या कोपऱ्याकडे वळली. तिथे काहीच नव्हते. पण नजर पुन्हा तिकडेच जाऊ लागली.

या कोपऱ्याविषयी एका फार मोठ्या माणसाने लिहून ठेवले आहे. १८४२ साली चार्ल्स डिकन्स अमेरिकेच्या प्रवासास गेला होता. हा तुरुंग तेव्हा जगभर नावाजलेला; नामांकित पाहुणे तो पाहायला येत. डिकन्स कोठडी कोठडी हिंडला, कैद्यांशी बोलला, आणि आपल्या प्रवासवर्णनात त्याने या पद्धतीवर कडक टीका केली. ज्यांनी ही योजना केली त्यांचा हेतू चांगला आहे, पण आपण काय करतो आहोत हे त्यांना कळत नाही, असा त्याचा अभिप्राय. अंगावरचा वळ दिसतो, म्हणून माणूस हळहळतो. मनावरचा वळ दिसत नाही, म्हणून तो अधिक क्रूर, असे त्याचे म्हणणे. मग एकांतातल्या कैद्याच्या मनात काय होत असेल याचे चित्र त्याने कल्पनेने रंगवले आहे. त्यात तो कैदी कोठडीच्या एका कोपऱ्याला भिऊ लागतो. आधी नुसता कोपरा नकोसा होतो, मग तिथे सावली दिसू लागते, आणि शेवटी रोज रात्री ठरल्या वेळी तिथे एक भूत येऊन बसते.

म्हणजे या तुरुंगातले पहिले भूत तिथल्या कोणा मेलेल्या माणसाचे नव्हे. ते जिवंत माणसाच्या मनातून निघालेले आहे, आणि ते कागदावर उतरवणारा इंग्रजीतला केवढा थोर कादंबरीकार!

डिकन्सला तिथे एक जर्मन कैदी भेटला होता. सुतापासून काढलेल्या रंगांनी त्याने आपली कोठडी सुरेख रंगवली होती आणि मागच्या अंगणात इवलीशी बाग केली होती. त्याच्याइतका खिन्न माणूस डिकन्सने पाहिला नव्हता. तो जर्मन सुटला. पण पुन्हा पुन्हा चोऱ्या करून त्याच तुरुंगात येत राहिला, आणि म्हातारपणी शेवटी तिथेच वारला. बाहेरच्या जगात त्याला करमेना. स्वतःच्या कोठडीभोवती घुटमळणारे असे हे जिवंत भूत!

इतक्यात भाची धावत आली. "मामा, इकडे ये, इथे कुत्र्याचा फोटो आहे! त्याला जन्मठेप झाली होती!"

खरेच, तिथे एका काळ्या कुत्र्याचे छायाचित्र आहे. नाव पेप. कैद्यांची घेतात तशी त्याची तसबीर घेतलेली आणि गळ्यात क्रमांकाची पाटी. गोष्ट अशी सांगतात की, १९२४ साली त्याने गव्हर्नरच्या बायकोचे लाडके मांजर मारले, म्हणून गव्हर्नरने त्याला जन्मठेप ठोठावली. वस्तुस्थिती एवढीच की, कैद्यांना तेवढाच विरंगुळा व्हावा म्हणून गव्हर्नरने तो कुत्रा तुरुंगाला भेट दिला होता. पण खून आणि जन्मठेप यांच्यापुढे विरंगुळ्याची गोष्ट कोण ऐकणार? भाचीला मी खरे सांगितले तेव्हा तिचा चेहरा उतरला. मग थोडा विचार करून ती म्हणाली, "म्हणजे तो खूश होता ना?" बहुधा असावा. त्या भिंतींच्या आत गेलेला तेवढा एकच निरपराध जीव असेल, ज्याला तिथे येऊन मित्र मिळाले.

पुढे अल कपोन या कुप्रसिद्ध गुंडाची कोठडी आहे. १९२९ आणि १९३० या वर्षांत तो काही महिने तिथे होता. तोवर एकांताचा नियम संपला होता. १९१३ साली तो रीतसर मोडीत निघाला. पैशाच्या जोरावर कपोनने कोठडीत गालिचा, दिवा, रेडिओ असा थाट केला होता. आता तो थाट पुन्हा मांडून दाखवतात. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत शिकागोला सात जणांचे जे हत्याकांड झाले त्याचा संशय कपोनवर होता. मेलेल्यांपैकी जिमी नावाचा एक जण रात्री येऊन कपोनला छळी, आणि "जिमी, मला सोड" असा कपोनचा आक्रोश शेजारच्या कैद्यांना ऐकू येई, अशी आख्यायिका आहे. आमच्या वाटाड्याने ती अशा काही आवाजात सांगितली की भाचीने माझा हात घट्ट धरला.

आणखीही गोष्टी आहेत. दुरुस्तीचे काम चालू असताना एक कुलूपवाला जुने कुलूप काढत होता. ते निघताच कसल्या तरी शक्तीने त्याला जागच्या जागी खिळवून टाकले आणि भिंतीतून तोंडे बाहेर येताना दिसली, अशी एक. बुरुजावर एक पहारेकरी उभा दिसतो, अशी दुसरी. एका ओळीतून खदखदून हसण्याचा आवाज येतो, अशी तिसरी. लोक भिंतीला कान लावून उभे राहतात. मीही लावला. भिंत गार होती, एवढे सांगता येईल.

या सगळ्या गोष्टींत मला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. त्यांत सावल्या आहेत, आवाज आहेत, तोंडे आहेत. नाव मात्र कपोनच्या त्या जिमीखेरीज एकाचेही नाही. घड्याळ चोरणाऱ्या चार्ल्स विल्यम्सचे भूत कोणाला दिसत नाही. टोपड्याची कल्पना ज्याला सुचली असेल, त्याचेही नाही. भीती तेवढी शिल्लक राहिली. कोंडलेला विसरला गेला आणि कोंडणारा त्याच्याही आधी.

हे मनात आले आणि मी त्या बोळात थबकलो. कारण मला आमच्या शाळेतली नकाशांची खोली आठवली.

ही हकिगत मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. आमच्या शाळेत जिन्याखाली एक अंधारी खोली आहे. तिच्यात जुने नकाशे, मोडकी बाके आणि पृथ्वीचा एक चेपलेला गोल असतो. मास्तरकीच्या उमेदीच्या दिवसांत मला एका गोष्टीचा फार अभिमान होता, मी मुलांना छडी मारीत नसे. सहावीतल्या एका मुलाने शेजारच्याची कंपासपेटी घेतली. दुसऱ्या एखाद्या मास्तराने त्याला फोडून काढले असते. मी तसले काही केले नाही. मी त्याला शांतपणे त्या खोलीत नेले, बाकावर बसवले आणि म्हणालो, "दोन तास इथे एकटा बस. आपण काय केलं त्याचा विचार कर." बाहेरून कडी लावली. क्वेकर पंथाचे नावही मला तेव्हा ठाऊक नव्हते; पण त्या फिलाडेल्फियाच्या सज्जनांपैकी कोणी तिथे असता तर त्याने माझी पाठ थोपटली असती.

त्या दुपारी अचानक तपासणीसाठी साहेब आले. दप्तर, पट, हजेरी यांची धांदल उडाली, आणि मी त्या मुलाला साफ विसरलो. शाळा सुटली. शिपाई झाडायला गेला तेव्हा त्याला आतून खुरखुर ऐकू आली. त्याने कडी काढली आणि मला हाक मारली. मुलगा रडत नव्हता. तो दाराला पाठ लावून बसला होता आणि समोरच्या कोपऱ्याकडे बघत होता. "तिथं कुणीतरी होतं," एवढेच तो म्हणाला. मी हसून म्हणालो, "अरे, ती नकाशांची गुंडाळी आहे." आणि त्याच्या हातावर एक लिमलेटची गोळी ठेवली.

तो मुलगा पुढे वर्गात बोलेनासा झाला. त्याचे आईबाप ऊसतोडीला जात. दुसऱ्या वर्षी त्याचे नाव पटावर आले नाही. अशी नावे दरवर्षी गळतात. चौकशी कोण करतो? मीही केली नाही.

फिलाडेल्फियाच्या त्या कोठडीत उभे असताना मला डिकन्सचे शब्द नव्हे, तर त्या मुलाचे शब्द आठवले. कोपऱ्यातले ते भूत दोघांना एकच दिसले होते.

सातांचा आकडाही माझ्या मनातून जात नव्हता. मध्ये गोल, त्यातून निघालेल्या सात ओळी. हे मी पूर्वी कुठे पाहिले? आणि मग एकदम उमगले. अंदमानला!

दोहोंचा संबंध नुसता योगायोगाचा नाही. फिलाडेल्फियाची कीर्ती ऐकून इंग्रज सरकारने आपला माणूस ते तुरुंग पाहायला पाठवला. १८४२ साली, म्हणजे डिकन्स तिकडे हळहळत होता त्याच वर्षी, लंडनला पेंटनव्हिलचा तुरुंग उघडला. तोही चाकाच्या आऱ्यांसारखा, एकेका कोठडीत एकेक माणूस ठेवणारा. तिथेही कैदी तोंड झाकून बाहेर पडत. याच पेंटनव्हिलमध्ये १७ ऑगस्ट १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा फासावर गेला, आणि ३१ जुलै १९४० रोजी उधमसिंग. हीच वेगळ्या कोठड्यांची पद्धत समुद्र ओलांडून पोर्ट ब्लेअरला गेली. तिथे १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत सेल्युलर जेल उभे राहिले. मधला मनोरा, सात तिमजली ओळी, ६९३ कोठड्या. एका ओळीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर माणूस दिसूच नये. कडीसुद्धा अशी की तिचे टोक दारापासून दूर भिंतीतल्या खोबणीत जाते. गजातून हात घातला तरी पोचत नाही.

फरक एवढाच की फिलाडेल्फियाच्या लोकांना कैद्याच्या आत्म्याची काळजी होती. अंदमानात ती पाटीही काढून टाकली. तिथे एकांताच्या जोडीला कोलू होता आणि दिवसाला तीस पौंड खोबरेल तेल काढण्याचा हुकूम होता. गणेशपंत सावरकर, म्हणजे बाबाराव, तिथे आधीच होते. ४ जुलै १९११ रोजी विनायकराव तिथे पोचले. एकाच तुरुंगात राहून दोघा भावांची कित्येक महिने भेट झाली नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्याच आठवड्यात मला हे आठवावे, याचेही मला नवल वाटले. बंगालचा इंदुभूषण राय याने १९१२ च्या एप्रिलमध्ये कोठडीतच गळफास लावून घेतला. उल्लासकर दत्त याला तापात हातकड्या घालून उभे केले, तेव्हा त्याची शुद्ध हरपली आणि पुढे त्याला मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात न्यावे लागले. त्या अवस्थेत आपल्याला काय काय दिसले आणि कोणाचे आवाज ऐकू आले ते त्याने पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. इथेही भुते आली ती जिवंत माणसाकडेच.

मी अंदमानला काही वर्षांपूर्वी गेलो होतो. आता तिथे सातांपैकी तीनच ओळी उरल्या आहेत. काही जपान्यांच्या अमदानीत पाडल्या गेल्या, काही नंतर. १९७९ साली त्याचे राष्ट्रीय स्मारक झाले. रात्री तिथे आवाज आणि प्रकाश यांचा खेळ दाखवतात, आणि त्यात आवारातला पिंपळ बोलतो. आपल्याकडे पिंपळावर मुंजा असतो. लहानपणी तिन्हीसांजेला आम्ही गावचा पिंपळ डोळे मिटून ओलांडत असू. अंदमानचा तो पिंपळ मात्र घाबरवीत नाही. तो नावे घेतो. इंदुभूषण, उल्लासकर, महावीरसिंग, एकेक नाव. बाकावर बसलेली माणसे टिपे गाळतात, पण भिऊन कोणी उठून जात नाही. ज्याचे नाव घेतले जाते त्याचे भूत होत नाही, असे मला तेव्हा वाटले नव्हते, फिलाडेल्फियात वाटले.

मग भुतांची तिकिटे विकणारी ती मंडळी वाईट का? मला तसे म्हणवत नाही. १९७१ मध्ये तो तुरुंग कायमचा ओस पडला. कोठड्यांतून झाडे वाढली, छपरे कोसळली, मांजरांनी राज्य केले. ती जागा साफ करून तिथे नवे काही बांधावे, असे बेत चालले होते. काही नागरिकांनी धरणे धरल्यासारखा ध्यास घेतला आणि तो वाचवला. पण पडक्या भिंतींना पैसा कोण देणार? म्हणून १९९१ साली हॅलोविनच्या रात्री भुतांचा खेळ करून त्यांनी निधी जमवायला सुरुवात केली. १९९४ पासून तुरुंग रोज पाहायला खुला झाला; सुरुवातीला तर लोकांना डोक्यावर संरक्षक टोप घालून आत सोडीत. भुतांच्या कमाईवर छपरे दुरुस्त झाली. आज त्याच आवारात सोळा फूट उंचीचा एक पोलादी आलेख उभा आहे. अमेरिकेतल्या कैद्यांची संख्या गेल्या शतकात कशी चढत गेली ते त्यात दिसते. भुते पाहायला आलेला माणूस जाताजाता त्याच्यासमोर थांबतो, मान वर करून पाहतो आणि गप्प होतो. माझी भाचीही झाली. "मामा, हे सगळे एकटे असतात?" तिने विचारले. सगळे नव्हे, पण पुष्कळ असतात, असे मी सांगितले. परतीच्या वाटेवर तिने भुतांची गोष्ट काढली नाही.

सुट्टी संपली, मी परत आलो, शाळा सुरू झाली. एके दिवशी भूगोलाच्या तासाला मी एका मुलीला म्हटले, "जा, आशियाचा नकाशा घेऊन ये." ती जागची हलेना. "गुरुजी, मी एकटी नाही जाणार. तिथं मुंजा आहे." वर्ग हसला, पण तिच्या जागी जायला कोणी उठले नाही. चौकशी करता कळले की ही समजूत आमच्या शाळेत चांगली रुजलेली आहे. वरच्या वर्गातली पोरे खालच्यांना सांगतात. मुंजा कोपऱ्यात बसतो, दाराला पाठ लावून बसले तर काही करत नाही, असाही तोडगा त्यांच्याकडे आहे.

दाराला पाठ लावून! ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तो मुलगा गेला, त्याचे नाव गेले, माझे नाव तर त्या गोष्टीत कधी आलेच नव्हते. राहिला तो कोपरा.

मी खडू खाली ठेवला आणि वर्गाला सगळे सांगितले. त्या खोलीत मुंजा नाही. तिथे मी एका मुलाला कोंडले होते आणि विसरलो होतो. तो भ्याला, कारण मी त्याला एकटे ठेवले. मुलाचे नावही सांगितले. वर्ग अगदी शांत झाला. आपले गुरुजी असे काही करतील हे मुलांना मुंजापेक्षा कठीण वाटत होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होते. मग तीच मुलगी उठली आणि तिने विचारले, "गुरुजी, तो आता कुठं आहे?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. जुना पट काढून मी त्याच्या गावाचा पत्ता शोधला आणि एका रविवारी तिकडे गेलोही. घराला कुलूप होते. कुटुंब हंगामाला बाहेरगावी गेले आहे, एवढे शेजाऱ्याने सांगितले. मी पुन्हा जाणार आहे.

नकाशांच्या खोलीची कडी मात्र मी त्याच आठवड्यात शिपायाकडून काढून घेतली. आता ती खोली बाहेरून लावताच येत नाही. मुले दोघेदोघे मिळून जातात आणि नकाशे घेऊन येतात.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण कारिट फोडतो, ते नरकासुर मेला म्हणून. पण त्या दिवसाची खरी गोष्ट पुढेच आहे. नरकासुराच्या बंदिशाळेत सोळा सहस्र स्त्रिया होत्या. कृष्णाने ती बंदिशाळा उघडली. ज्याचा स्वतःचा जन्म तुरुंगात झाला, त्याने दुसऱ्यांच्या तुरुंगाची दारे उघडली, तो हा दिवस. यंदा अभ्यंगस्नान करून फराळाला बसण्यापूर्वी, आपण कधी कोणाला कोंडून विसरलो तर नाही ना, एवढे प्रत्येकाने आठवून पाहावे. बहुतेकांना काही आठवणार नाही, आणि तसेच असो. मला आठवते, म्हणून या वर्षी एक पणती मी त्या जिन्याखाली ठेवणार आहे.